आठ दिवसांचा आठवडा

(दृश्य : पाटाचं पाणी)
पाट जेमतेम वीतभर रुंद. आजोबांनी दगड सरकवला आणि पाणी खालच्या वांग्यांच्या वाफ्यात वळलं. आपल्याकडे याला दारं धरणं म्हणतात. हे गाव बत्तीर, पॅलेस्टाईनमधलं. बेथलेहेमच्या पश्चिमेला, जेरुसलेमपासून काही किलोमीटरवर, डोंगरउतारावर वसलेलं.

(दृश्य : दगडी हौद)
हा हौद रोमन काळापासूनचा. वरच्या झऱ्याचं नाव ऐन अल-बलद, म्हणजे गावझरा. त्याचं पाणी रात्रभर हौदात साठतं. सकाळी हौदात काठी उतरवायची, पाणी किती चढलंय ते मोजायचं आणि ज्या घराण्याची पाळी असेल त्याच्या वाटेकऱ्यांना हिश्शाप्रमाणे द्यायचं. मोठी घराणी आठ, प्रत्येकाला एक दिवस. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा! आज शुक्रवारी पाळी आली, तर पुढची शनिवारी, त्यापुढची रविवारी. सोयीचा वार कुणा एकाकडे अडकून राहत नाही. किती साधा आणि किती शहाणा हिशेब आहे हा.

(दृश्य : बांध)
या बांधांना चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला. एक निखळला तरी वरची माती घसरते, म्हणून डागडुजी कधी संपत नाही. हीच माती ऑलिव्ह आणि द्राक्षवेली धरून आहे.

(दृश्य : दरीतले रूळ)
खाली याफा-जेरुसलेम रेल्वे, १८९२ सालची. १९४८च्या अरब-इस्रायल लढाईत गाव जवळजवळ रिकामं झालं. गावचे पुढारी हसन मुस्तफा आणि मागे राहिलेली मूठभर माणसं रिकाम्या घरांत दिवे लावत, दोऱ्यांवर कपडे वाळत घालत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाव नांदतंय. १९४९च्या शस्त्रसंधीची रेषा या रुळांपाशीच आखली गेली. गावाने इस्रायलला शब्द दिला, गाडीला धक्का लागणार नाही. बदल्यात रुळांपलीकडची शेतं गावाच्याच हाती राहिली.

२०१४मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला आणि त्याच वेळी धोक्यातला वारसा म्हणूनही नोंदवला. इथून जाणारी इस्रायलची विभाजक भिंत २०१५मध्ये न्यायालयात अडली. २०२४मध्ये जवळच नव्या इस्रायली वसाहतीला मंजुरी मिळाली.

(दृश्य : संध्याकाळ, हौद)
हौद रिकामा झालाय. काठी भिंतीला टेकवलेली आहे. उद्याची पाळी दुसऱ्या घराण्याची.