दारावरची पाटी

श्रोतेहो, नमस्कार. आज झोपेविषयी बोलायचं आहे. आकडा आधीच सांगते: मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. सात. पाच नव्हे, साडेपाच नव्हे. शाळकरी पोरांना नऊ ते बारा, दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याने हे तास आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. पण शरीर लोकलचं वेळापत्रक बघत नाही.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री बारा ते सकाळी सात. घरी आले की आंघोळ, भाकरी, आणि आई खिडकीवर गोधडी टांगायची. भर दिवसा खोलीत अंधार.

गोधडीवरून आठवलं. जुन्या नऊवारीची, हाताने टाके घातलेली गोधडी ज्या घरात आहे, त्यांनी ती टाकू नये. तिची ऊब आणि तिचा वास विकतच्या रजईला येत नाही. असो.

गोष्ट १९७८च्या मे महिन्यातली, गिरणी संपाच्या चार वर्षं आधीची. घरात लग्न निघालं. कोकणातून पाहुणे आले, बाबांची झोपायची जागा गेली. पाहुण्यांना काय सांगणार? तीन दिवस ते गॅलरीत बसून डुलक्या काढत राहिले आणि रात्री कामावर जात राहिले. चौथ्या रात्री साच्यावर धागा तुटला. तुटलेला धागा जोडणं हे त्यांचं रोजचं, शेकडो वेळा केलेलं काम. साचा थांबवायच्या आधीच हात आत गेला. उजव्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

सकाळी हाताला पांढरं फडकं गुंडाळून आले तेव्हा आईला म्हणाले, "डोळे उघडे होते गं. पण मी तिथं नव्हतो."

हे वाक्य नीट ऐका, श्रोतेहो. डोळे उघडे होते, पण मी तिथं नव्हतो. थकलेला मेंदू काही सेकंद झोपी जातो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एक्स्प्रेस-वेवर गाडी चालवणाऱ्याचं हेच होतं.

मग चाळीने काय केलं? शेजारच्या काकूंनी माझी शाळेची पाटी घेतली, तिच्यावर खडूने 'रातपाळी' लिहिलं आणि दाराच्या खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून पाटी दिसली की मसाला कुटणं चारनंतर. पोरांचं क्रिकेट खालच्या चौकात. कोळीण जिन्याखालीच थांबायची आणि हाक न मारता टोपली उतरवून बसायची. आया आपणहून खाली जायच्या. वाचता न येणाऱ्यांनाही ती पाटी कळायची.

आता थोडं शास्त्र. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, तेच आपल्याला पेंग आणतं. झोपेत ते ओसरतं. चहातलं कॅफिन ते काढून टाकत नाही, नुसतं लपवतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं जवळपास अर्धं अंगात असतं. तेव्हा संध्याकाळी सहानंतरचं कटिंग नको. दुसरं, शरीरातलं घड्याळ उजेडावरून आपली वेळ जुळवतं. ते पेशींत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. आईची गोधडी त्याच घड्याळासाठी होती. म्हणून अंधार करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि पुन्हा सांगते, सात तास.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे. तो पाळायला कुणी तक्रार करायची वाट का बघावी? कुणाच्या तरी घरात तान्हं बाळ असतं, कुणाच्या घरात आजारी माणूस.

गिरण्या गेल्या, रातपाळी गेली नाही. माझा मुलगा मालाडला रात्रीच्या शिफ्टला जातो. सकाळी साडेसातला येतो, जाड पडदा ओढतो. दहा वाजले की बेल सुरू होते: कुरिअर, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरचं ड्रिल. गेल्या महिन्यात मी दादरला जाऊन पाटी घेतली, लाकडी चौकटीची. वर खडूने तोच शब्द लिहिला. काल कुरिअरवाला पोरगा आला, पाटी वाचली, पुडकं पायपुसण्यावर ठेवलं आणि चप्पल न वाजवता जिना उतरला.