पेशीला कोलेस्टेरॉलची कमतरता कळते कशी?

श्रोतेहो, नमस्कार.

रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की घरात आधी तुपावर संक्रांत येते. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, ते शरीर स्वतः बनवतं. पेशीच्या आवरणाला ते लागतं, पित्ताला लागतं, कितीतरी संप्रेरकांना लागतं. मग किती बनवायचं, हे ठरतं कसं?

अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या डॉक्टरांनी याचा छडा लावला. काही मुलांना आनुवंशिक दोषामुळे बालपणीच हृदयविकाराचा झटका येतो. त्यांच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ओढून घेणारे ग्राही (ते पकडणारी प्रथिनं) नसतात किंवा निकामी असतात, म्हणून ते रक्तातच साठत जातं, हे या दोघांनी दाखवलं. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि खरं नवल त्यानंतर उलगडलं.

पेशीच्या आतल्या पडद्यात एसआरईबीपी नावाचं प्रथिन अडकवून ठेवलेलं असतं. त्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल घटलं की ते सुटतं, दुसरीकडे नेलं जातं, तिथे दोन विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, त्याचे तुकडे करतात. त्यातला एक तुकडा केंद्रकात शिरून जनुकं जागी करतो. मग पेशी कोलेस्टेरॉल बनवू लागते आणि रक्तातलं खेचायला नवे ग्राहीही तयार करते. पुरेसं साठलं की प्रथिन पुन्हा जागच्या जागी अडकतं. इतका चोख हिशेब पाहिला की मी थक्क होते.

याच प्रथिनाचं एक भावंड मेदाम्लांचं काम पाहतं. त्याला हुकूम इन्सुलिनचा. जेवणात साखर, मैदा भरपूर असला की यकृत त्यातूनच मेद बनवतं. टाइप २ मधुमेहात तर यकृत साखर बनवणं थांबवायचा इन्सुलिनचा निरोप ऐकत नाही, मेद बनवायचा मात्र ऐकत राहतं. म्हणून साखरेबरोबर रक्तातला मेद, म्हणजे ट्रायग्लिसराइडही, चढतं. तेल-तूप कमी करूनही रिपोर्ट का सुधारत नाही, असं विचारणाऱ्यांनी भात, पाव आणि गोडाकडेही पाहावं.

आता कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात पहिलं स्टॅटिन बुरशीतून शोधलं. ही गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं विकर अडवते. यकृताला तुटवडा जाणवतो, एसआरईबीपी सुटतं, ग्राही वाढतात आणि रक्तातलं एलडीएल उपसलं जातं. गोळी बंद केली की तुटवडा संपतो, ग्राही घटतात आणि आकडा पुन्हा चढतो. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून, डॉक्टरांना न विचारता, ती सोडू नका. नमस्कार.