कोकणातल्या बेडरूमला कोणता गुलाबी शोभतो?

नमस्कार मंडळी. हे शेड कार्ड बघा. बेबी पिंक, रोझ, पीच, मोव्ह... गुलाबीची पानंच्या पानं आहेत. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात यातली कुठलीही छटा छान दिसते. तीच घरी भिंतीवर चढली आणि आषाढ लागला, की मळकट, राखाडी वाटायला लागते. मग आपण रंगाऱ्याला बोल लावतो. पण कारण बहुतेक वेळा खिडकीबाहेर असतं.

बाहेर काय आहे आपल्याकडे? माड, पोफळी, फणस, केळी, आणि पावसाळ्यात गडग्यावरसुद्धा शेवाळ. या पानांवर पडून खोलीत येणारा उजेड हिरवट असतो. रंगचक्रात हिरवा आणि गुलाबी जवळजवळ समोरासमोर येतात, त्यामुळे हिरवट उजेडात गुलाबी फिका पडतो आणि करडा दिसतो. त्यात पावसाळी आभाळाचा उजेड मुळातच निळसर. म्हणून ज्या गुलाबीत निळ्याची झाक आहे, म्हणजे बेबी पिंक किंवा मोव्ह, तो कोकणात सगळ्यात आधी मान टाकतो.

माझं मत स्पष्ट आहे. इथे गुलाबी घ्यायचा तर मातीच्या अंगाचा घ्या: अबोली, फिकट विटकरी, चिऱ्याच्या पोटातला उजळ तांबूस. लाल कोब्याची जमीन, वर कौलं, शिसवी किंवा फणसाच्या लाकडाचा पलंग... या सगळ्यांत आधीच लाल-तपकिरी भरलेला आहे. गुलाबी म्हणजे पांढऱ्यात मिसळलेला लालच, म्हणून याच कुळातला गुलाबी त्या खोलीत उपरा वाटत नाही.

[हातात गेरूची पुडी]

आणि हा गुलाबी आपल्या घरात फार जुना आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम दिसतं. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून खालच्या पांढऱ्यात वेलबुट्टी काढायची. तीच तांबडी माती पांढऱ्या चुन्यात थोडी मिसळली की जो रंग येतो, तो माझा सगळ्यात लाडका गुलाबी. काव काय, गेरू काय, दोन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे. हा रंग चुन्याच्या क्षाराला टिकतो आणि उन्हानं उडत नाही. बाजारातल्या काही भडक राणी रंगांबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही.

करायचं कसं? गेरू रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा थोडा घाला. घाई इथेच नडते. ओला असताना हा रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारा, पूर्ण वाळू द्या, मग ठरवा. भिंत आधी पाण्यानं ओलसर करा आणि हात पातळ द्या, दोन किंवा तीन. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालाच. आणि ज्या भिंतीवर आधी प्लास्टिक पेंट आहे तिच्यावर चुना धरत नाही. तिथे अशाच छटेचा तयार रंग घ्या.

आता ओल. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो. अशा भिंतीवर आतून प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओल अडकते, फुगे येतात, पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो. फिकट गुलाबीवर हे डाग लगेच डोळ्यात भरतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, म्हणूनही मी त्याचा आग्रह धरते. रंगाआधी एक करा. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर थांबा. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती, आधी ते बघा.

आपल्याकडे गणपतीआधी घर रंगवायची चाल आहे. मन मोडायचं नाही, पण ऐन श्रावणात भिंत सर्वात ओली असते. बेडरूम दिवाळीनंतर घ्या, कोरड्या दिवसांत.

“गुलाबीनं झोप लागते का?” हे खूप जण विचारतात. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या कैदखान्यात कोठडी एका विशिष्ट गुलाबी रंगानं रंगवली होती, कैदी शांत होतात म्हणून. पुढच्या प्रयोगांत तो परिणाम तसा सिद्ध झाला नाही. झोपेसाठी दिवा जास्त महत्त्वाचा. ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब गुलाबीला निळसर करते. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावा, अबोली भिंत रात्री खुलते. खिडकी पश्चिमेला असेल तर संध्याकाळच्या उन्हात गुलाबी केशरी होतो, तिथे छटा एक पायरी फिकी घ्या.

चारी भिंती रंगवायलाच हव्यात असं मला वाटत नाही. पलंगामागची एक पुरे, बाकी पांढऱ्या चुन्याच्या. भडक राणी आवडत असेल तर तो कापडात आणा: गोधडी, उशीचे अभ्रे, मलमलचे पडदे. कापड विटलं तर बदलता येतं. आणि मुलाच्या खोलीला गुलाबी नको म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, लग्नात गुलाबी फेटा अख्खी वरात मिरवते ना?

तुमच्या खोलीचा फोटो पाठवा, खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि बाहेर काय दिसतं तेही लिहा. छटा त्यावरूनच सांगता येईल.