बाई, काडी हलतेय!
(लघुपटाचं निवेदन)

[पडद्यावर: मनगट, अगदी जवळून. त्यावर मातीची छोटी गोळी, गोळीत उभी खोचलेली काडेपेटीची काडी.]

काडीच्या टोकाकडे बघा. मनगटाकडे नको, नुसत्या टोकाकडे.

हललं. परत हललं.

काडीला कुणी हात लावलेला नाही. वारा नको म्हणून खिडक्या लावून घेतल्यात, पंखा बंद आहे. मुलं घामाघूम झालीत, पण कुरकुर कुणाचीच नाही.

[पडद्यावर: बाकांवर वाकलेली डोकी. माती मळणारे हात.]

गोळी नेमकी कुठे ठेवायची, हे सापडायलाच पाऊण तासातली पंधरा मिनिटं गेली. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या दोन बोटं मागे, जिथे बोट टेकलं की आतून कुणी हळूच टिचकी मारतंय असं वाटतं, तिथे. गोळी मोठी झाली की काडी ढिम्म. हात ताठ धरला की काडी हलते खरी, पण ती हाताची थरथर. बाकावर हात सैल टाकायचा, तळवा वर. यातलं फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. बाईंनी फक्त माती वाटली आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच.

काडी हलवते ती नाडी. अर्धा मिनिट तिचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. निळ्या बाहीच्या मुलाचे आले ८८. मग त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावलं. परत आला तेव्हा काडी इतकी थरथरत होती की मोजता येईना, शेवटी बोटांनी नाडी बघावी लागली. १४०.

[पडद्यावर: भिंतीवरचा जुना तक्ता. हृदयाची आकृती, निम्मी निळी, निम्मी लाल.]

मागे हा तक्ता दिसतोय. असा तक्ता बहुतेक वर्गांत असतो आणि त्याचं कामही होतं, नाही असं नाही. पण कुठल्याही वर्गात विचारा, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताचा रंग कोणता? निळा, असं उत्तर येतं, तेही ठणकावून. ते रक्त गडद लाल असतं. निळी असते ती छापखान्याची शाई.

[पडद्यावर: बाईंचा हात टेबलावर. दंडावर बांधलेला रुमाल. कोपराखालच्या शिरा हळूहळू वर येतात.]

हा हात बाईंचा आहे. मुलांच्या हाताला रुमाल बांधलेला नाही, आणि बाईंच्या हाताचाही मिनिटभरात सोडला. पण त्या मिनिटात काय दिसलं ते बघा.

शीर टरारून वर आली. तिच्यात मधेमधे बारीक गाठी दिसतात, तिथे आत झडपा आहेत. एका मुलीने मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरलं. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, गाठीच्या पलीकडेपर्यंत शीर निपटत नेली आणि ते बोट उचललं. गाठीच्या वर शीर भरलेली, गाठीच्या खाली सपाट. रक्त वर अगदी जवळ उभं आहे, पण खाली उतरत नाही. आता पहिलं बोट उचललं, आणि शीर भरली. भरली ती पंजाच्या बाजूने.

हे आज पहिल्यांदा झालेलं नाही. विल्यम हार्वी या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली हृदयाच्या हालचालीवर छोटं पुस्तक छापलं. त्यातल्या चित्रांत हेच आहे: दंड बांधलेला हात, फुगलेल्या शिरा, दाबणारं बोट. त्याआधी सुमारे चौदाशे वर्षं गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याची समजूत चालत आलेली, की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते संपवून टाकतात. हार्वीने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदय थोडंसंच रक्त पुढे ढकलतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं. इतकं नवं रक्त येणार कुठून? म्हणजे तेच फिरून येत असणार. शिरांमधल्या झडपा इटलीतल्या पादुआला त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच पाहिल्या होत्या. त्या कशासाठी आहेत, ते या बोटाने सांगितलं: रक्त हृदयाकडेच जावं, मागे फिरू नये म्हणून.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने शीर पुन्हा निपटली. मग आणखी एकदा.

[पडद्यावर: पुठ्ठ्याची नळी. एक टोक एका मुलाच्या छातीवर, दुसरं मैत्रिणीच्या कानाशी.]

१८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरपुढे एक तरुण रुग्ण होती. त्या काळी हृदयाचे ठोके ऐकायचे तर छातीला थेट कान लावत. त्याला ते प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट आला. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप निघाला तो या सुरळीतून.

[आवाज: फक्त ठोके. वीस सेकंद निवेदन नाही. कॅमेरा ऐकणारीच्या चेहऱ्यावर.]

दोन आवाज येतात, लब् आणि डब्. दोन्ही वेळा बंद होताहेत त्या हृदयातल्या झडपा. शिरेतल्या झडपा बघून झाल्या, या ऐकून झाल्या.

[पडद्यावर: बूड कापलेली प्लॅस्टिकची बाटली. तोंडाला आतल्या बाजूने फुगा, बुडाला ताणून बांधलेलं फुग्याचं रबर.]

बाटलीचं फुप्फुस. हा प्रयोग बऱ्याच जणांनी केलेला असतो, आणि बहुतेकांचा पहिल्यांदा फसलेला असतो. इथेही रबर तीनदा निसटलं. चौथ्यांदा चिकटपट्टीने बांधलं, खालचं रबर ओढलं, आणि आतला फुगा आपोआप फुगला. तोंडाने कुणी फुंकलं नव्हतं.

खरी मजा इथे आहे. हवा आत गेली म्हणून छाती फुगते, की छाती फुगली म्हणून हवा आत जाते? वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा जवळजवळ सगळे पहिल्या बाजूला. बाटली दुसरीच गोष्ट सांगत होती. रबर खाली गेलं, आतली जागा वाढली, दाब उतरला, बाहेरची हवा आत आली. आपल्यात त्या रबराच्या जागी श्वासपटल आहे, फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा असलेला स्नायू. मुलं पोटावर हात ठेवून बसली. श्वास घेताना पोट पुढे येतं, कारण श्वासपटल खाली उतरताना पोटातल्या अवयवांना ढकलतं.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, छातीत अशी रिकामी जागा असते का?"

नसते. बाटली इथे खोटं सांगते. फुप्फुसं छातीच्या पिंजऱ्याला आतून लागूनच असतात, मधे द्रवाचा पातळ थर तेवढा. आणि ती फुग्यासारखी पोकळ नसतात. स्पंजासारखी असतात, कोट्यवधी बारीक वायुकोशांची. ही बाटली तक्त्यापेक्षा फार खरी आहे असं नाही. पण तक्त्याकडे बघून हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला आम्ही ऐकला नाही.

[पडद्यावर: पुठ्ठ्याचा पंजा. बोटांवर स्ट्रॉचे तुकडे, त्यातून ओवलेले दोरे. दोरा ओढला की बोट मिटतं.]

पुठ्ठ्याचा पंजा. दोरे म्हणजे कंडरा, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या. बोटांमध्ये ती वाकवणारे स्नायू नाहीतच, ते मुख्यतः कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून दोऱ्या ओढतात. खात्री करायची तर एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा. हे बघताना तुम्ही आत्ता करून बघितलं असेल, तर बरंच झालं.

व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेलं कोंबडीचं हाड चौथ्या दिवशी रबरासारखं वाकलं. व्हिनेगर हाडातलं कॅल्शियम विरघळवतं. त्या दिवशी कॅमेरा नव्हता.

[पडद्यावर: वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली सहा मीटर दोरी. मुलं ती पोटाशी गुंडाळताहेत.]

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण एवढं लांब. चौथीतल्या चार मुलांनी ती दोरी छोट्या डब्यात बसवली. घडी घालून बसत नाही, वेटोळी करूनच बसते.

आजचं सगळं सामान: माती, काड्या, पुठ्ठा, दोरा, दोरी, स्ट्रॉ, फुगे, चिकटपट्टी, एक बाटली, एक रुमाल. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारत फिरावं लागलं नाही. सहामाहीच्या पेपरात आकृतीला नावं देताना काही मुलं आधी स्वतःच्या बरगड्या चाचपताना दिसली, एवढं बाईंनी सांगितलं.

[पडद्यावर: तास संपल्याची घंटा. आवराआवर. पुन्हा तेच मनगट, तीच काडी.]

पंखा सुरू झालाय. काडी आता दोन्ही बाजूंना डुलतेय, आणि ती कशाने हलतेय ते सांगता यायचं नाही.

"पंखा बंद करा ना बाई, अजून माझं मोजून व्हायचंय."