व्हायोलाची शेवटची तार

श्रोतेहो, नमस्कार. ऑर्केस्ट्रासाठी लिहायला शिकायचं असेल तर आधी एक स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली प्रत, घेऊन बसा. फ्रेंच संगीतकार देब्युसीची ‘प्रेल्यूद आ लाप्रे-मिदी दं फोन’. पॅरिसमध्ये डिसेंबर १८९४ मध्ये पहिल्यांदा वाजलेली ही रचना अवघ्या ११० बारची (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड), साधारण दहा मिनिटांची आहे. तीन फ्लूट, चार हॉर्न, दोन हार्प आहेत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनी यातलं काही नाही. स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ने सुरुवात करू नका. तिथे आठ हॉर्न, पाच ट्रम्पेट. एकेका पानावरच्या ओळी मोजतानाच संध्याकाळ जाते.

देब्युसीच्या पहिल्या बारमध्ये एकटा फ्लूट आहे, आणि त्याचा पहिला सूर सी शार्प, म्हणजे पेटीवरची काळी एक. हाच सूर का? फ्लूटवर तो वाजवताना बोटं जवळजवळ सगळी उचललेली असतात. नळी आखूड होते, आवाज फिका येतो, सूर किंचित चढायलाही बघतो. आपल्या बासरीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. सहाही भोकं उघडी ठेवून तीव्र मध्यम लावताना जो पोकळपणा जाणवतो, तसंच काहीसं. शिकाऊ माणूस अशी जागा टाळतो. देब्युसीने नेमकी तीच घेतली आणि तिथे दुसरं एकही वाद्य ठेवलं नाही, कारण सोबत आली की तो फिकेपणा दिसणारच नाही. सहावा बार तर सबंध रिकामा आहे. अकराव्या बारला फ्लूट पुन्हा तीच धून घेतो. आता खाली तारवाद्यांचं ट्रेमोलो, म्हणजे गज भराभर मागेपुढे थरथरवणं आहे, पण गज फिंगरबोर्डवर (बोटं दाबतात त्या पट्टीवर) आणि घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारी चिमटी. म्हणजे आधार दिला, तोही आवाज झाकणार नाही अशा बेताने.

आता चौथ्या बारमधली हार्प बघा. ग्लिसांदोत, म्हणजे तारांवरून सरसर हात फिरवताना, ऐकू येतात चारच सूर: ए शार्प, सी शार्प, ई, जी शार्प. हार्पला मात्र सप्तकात सात तारा, आणि हात फिरवला की सातही वाजणार. नको असलेल्या तीन तारांचं काय करायचं? पेडल (तार अर्धा सूर चढवणारी-उतरवणारी पायातली कळ; चढवला की शार्प, उतरवला की फ्लॅट) लावून त्यांना शेजारच्या तारेच्याच सुरात आणायचं. बी फ्लॅट म्हणजे ए शार्प, डी फ्लॅट म्हणजे सी शार्प, एफ फ्लॅट म्हणजे ई. सात तारा, चार सूर, एकही भलता नाही. हे न समजता संगणकावर ग्लिसांदो ओढणारे वादकाला वाजवताच येणार नाही असं काहीतरी लिहून ठेवतात.

दुसरी रचना ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गची, १९०९ मधली. ओपस १६ (सोळाव्या क्रमांकाची रचना) मधला तिसरा भाग, ‘फार्बेन’, म्हणजे रंग. सुरुवातीला पाच सुरांचा एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सूरसमूह आहे. पांढरी एकचा षड्ज धरला तर खालून वर सा, कोमल ध, शुद्ध नी, पुढच्या सप्तकातला ग आणि शुद्ध ध. पेटीवर एकट्याला जमणार नाही, एक हात भात्यावर अडकतो. दोघांनी मिळून धरा. शोनबर्ग हा कॉर्ड दोन गटांत आलटूनपालटून देतो, आणि नवं वाद्य शिरल्याचा धक्का जाणवू नये अशी त्याची सूचना आहे. सगळ्यांत खालचा सा कधी व्हायोलाकडे (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य), कधी डबल बासकडे (तारवाद्यांतलं सगळ्यांत मोठं). सूर तोच, पण व्हायोलासाठी ती सगळ्यांत जाड, शेवटची मोकळी तार. याखाली त्याच्याकडे काही नाही. डबल बासला तोच सूर वरच्या बाजूला, बारीक तारेवर हात चढवून काढावा लागतो. रंग बदलतो तो या जागेमुळे. म्हणून स्कोअरच्या समासात नुसतं वाद्याचं नाव लिहून भागत नाही. सूर त्या वाद्याच्या तळाला आहे, मध्यावर की माथ्यावर, तेही प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने लिहा.

त्याआधी लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर यांचा हिशेब करा. एफ हॉर्न आणि कोर आंग्ले (ओबोचा खालच्या सुराचा भाऊबंद) लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली वाजतात, ए क्लॅरिनेट मायनर थर्डने (सा ते कोमल ग एवढ्या अंतराने), डबल बास एका सप्तकाने. इथे चुकलात की पुढचं सगळं चुकतं. मग देब्युसीचे पहिले तीस बार तीन ओळींत उतरवा: धून, मधलं भरण, बास. दोन दिवस स्कोअर मिटून ठेवा, आणि त्या तीन ओळींवरून पुन्हा ऑर्केस्ट्रा लिहा.

तयार उत्तरासकट गणित हवं असेल तर फ्रेंच संगीतकार राव्हेलची ‘पावान’ घ्या. पियानोसाठी १८९९, ऑर्केस्ट्रासाठी १९१०, दोन्ही राव्हेलच्याच हातची. देब्युसी, राव्हेल आणि शोनबर्ग यांच्या निधनाला साठ वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे या स्कोअर भारतात हक्कमुक्त आहेत. पियानोची प्रत बघून पहिली धून कोणाला द्याल ते ठरवा. बरेच जण फ्लूटला देतात. सॉफ्टवेअरमध्ये छान वाजतं, कारण तिथे फ्लूटचा आवाज बटणाने वाढवता येतो. प्रत्यक्षात ती धून फ्लूटच्या अगदी खालच्या, दुबळ्या भागात पडते आणि सोबतीखाली दबते. राव्हेलने ती हॉर्नला दिली. ती हॉर्नच्या कोणत्या जागेवर बसते, ते स्कोअर उघडून बघा.