तीन माळा आणि वाटीभर वाल

(दृश्य: नौपाडा, ठाणे. सकाळचे साडेसहा. जेवणाचं टेबल, दोन स्टीलच्या वाट्या.)

जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली रिक्षाची रांग अजून लागलेली नाही. टेबलावरच्या एका वाटीत कडवे वाल आहेत, दुसरी रिकामी. बाबांचा उजवा हात टेबलावर आहे. तो त्यांनी डाव्या हाताने उचलून तिथे ठेवलाय.

अंगठा आणि तर्जनी वालापर्यंत पोचतात, पण दोघांची वेळ जुळत नाही. वाल निसटतो, टेबलावरून घरंगळतो. पुन्हा एकदा. शेजारी आई जपमाळ घेऊन बसलीय. एक प्रयत्न झाला की एक मणी पुढे. वाल पडला तरी मणी पुढे जातो, कारण फिजिओ ताईंनी बजावलंय, “काकू, यश मोजू नका, प्रयत्न मोजा.”

बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होते. लेथवर काम करताना केसभर फरक त्यांच्या बोटांना कळायचा. चौदा महिन्यांपूर्वी ते रात्री नीट झोपले आणि पहाटे उठले ते तोंड वाकडं घेऊनच. लकवा. मेंदूच्या डाव्या भागातल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली होती. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. हात गेला, पाय लुळा पडला, शब्दही गेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत नेमकं कधी झालं हे आम्हाला सांगता आलं नाही, आणि ते इंजेक्शन हुकलं. त्याची रुखरुख घरात अजून आहे.

आठवड्याभराने घरी सोडलं तेव्हा हातात व्यायामाच्या चित्रांचा एक झेरॉक्स कागद होता. मग नातेवाईक आले. कोणी तेल सुचवलं, कोणी कबुतराचं रक्त. आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास यायचं: सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही नाही. त्या वाक्याने आमचं फार नुकसान केलं. सातव्या महिन्यात बाबांनी व्यायाम जवळजवळ सोडून दिला होता.

(दृश्य: बाबांची मूठ. आई कोमट पाण्याने तळवा धुतेय, एकेक बोट उलगडून.)

मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. पण आजूबाजूच्या पेशी नवी जोडणी करू शकतात, तेही काम पुन्हा पुन्हा मागितलं तर. १९९६ मध्ये अमेरिकेत माकडांवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की मेंदूला इजा झाल्यानंतर हाताला सराव दिला तर मेंदूतली हाताची जागा टिकते, काही वेळा पसरतेही. असे प्रयोग दिवसाला शेकडो हालचालींचे असतात. आणि माणसांना काय मिळतं? २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ३१२ उपचार सत्रांची मोजणी प्रसिद्ध झाली. हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. बत्तीस!

ताईंनी हा आकडा सांगितला तेव्हा आईने जपमाळ आणली. एक माळ म्हणजे १०८. तीन माळा म्हणजे ३२४. तेव्हापासून हा हिशोब चालू आहे.

(दृश्य: घोडबंदर रोड, वाहनांची रांग. मग एका केंद्रातला रोबोटिक हातमोजा.)

यंत्रं नाहीत असं नाही. घोडबंदरच्या एका केंद्रात बाबा काही महिने जात होते. हात यंत्रात अडकवायचा, पडद्यावरचं फळ टोपलीत टाकायचं. हात जिथे थांबतो तिथून यंत्र त्याला पुढे नेतं. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, हा त्याचा मोठा गुण. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि आयआयटी मद्रासने मिळून ‘प्लूटो’ नावाचं हातासाठीचं आटोपशीर यंत्रही तयार केलंय. पण २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या मोठ्या चाचणीने एक गोष्ट स्पष्ट केली. रोबोटवरच्या सरावाने हाताची कमजोरी थोडी कमी झाली, तरी रोजची कामं नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक जमू लागली नाहीत. फळ टोपलीत टाकणारा हात सदऱ्याचं बटण आपोआप लावत नाही. बटण लावायचं असेल तर बटणावरच सराव हवा. आमचा अनुभवही तोच.

म्हणून ताईंनी घरात आरसा मांडला. टेबलाच्या मधोमध उभा, उजवा हात त्याच्या मागे झाकलेला. बाबा डाव्या हाताची मूठ उघडतात, मिटतात, आणि आरशात पाहतात तर उजवाच हात हलतोय! ही युक्ती मूळचे तमिळनाडूचे आणि सॅन दिएगोत संशोधन करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांची, आधी हात कापावा लागलेल्या माणसांना नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनेसाठी वापरलेली. १९९९ मध्ये ती लकव्याच्या रुग्णांवर करून पाहिली गेली. पहिल्या दिवशी बाबा आरशाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने माळ खाली ठेवली. त्या दिवशी मोजणी झाली नाही.

शब्दांची वाट वेगळी निघाली. “पाणी” म्हणता येत नव्हतं, पण गणपतीत आरती सुरू झाली आणि बाबांनी दुसऱ्या ओळीपासून सूर धरला. घरातले सगळे थबकले. बोस्टनमध्ये १९७३ पासून याच धाग्यावर एक उपचार उभा आहे: शब्द चालीत म्हणायचा, डाव्या हाताने ठेका धरायचा. वाचा उपचारतज्ज्ञांनी तो शिकवला. “पा” खाली, “णी” वर, मांडीवर दोन थापा. आता तहान लागली की बाबा थाप मारतात आणि शब्द येतो.

आणि सहा महिन्यांचं ते वाक्य? एप्रिल २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. मानेतल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला वायर जोडायची, छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवायचं, आणि रुग्णाने हात हलवला की थेरपिस्टने बटण दाबून त्या क्षणी मज्जातंतूला हलका विजेचा झटका द्यायचा. मेंदूला जणू सांगायचं, ही हालचाल लक्षात ठेव. सहभागी १०८ जण होते, आणि त्यांच्या लकव्याला नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतचा काळ लोटलेला. उपचारानंतर तीन महिन्यांनी झटके मिळालेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या हातात ठळक सुधारणा होती. यंत्र बसवूनही नुसता व्यायाम मिळालेल्यांपैकी २४ टक्के लोकांत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याला मंजुरी दिली. ही शस्त्रक्रिया आमच्या ऐपतीतली नाही. पण नुसत्या व्यायामाच्या गटातले ते २४ टक्के मी बाबांना दोनदा वाचून दाखवले.

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायची आहे. सगळा भार घरच्यांवर टाकून चालत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नातेवाईकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतला, तरी सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. आईची माळ आज चालते, कारण ताई आठवड्यातून दोनदा जिना चढून येतात, व्यायाम बदलतात, वालाच्या जागी उद्या चिमटे देतात. अशा ताई प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक मजल्यावर पोचायला हव्यात, आणि त्यांचे पैसे द्यायला घरातलं सोनं गहाण पडता कामा नये.

(दृश्य: पुन्हा टेबल. रिकामी वाटी आता भरलीय. भिंतीवरची दिनदर्शिका.)

तिसरी माळ संपली. आई उठते, पेन शोधते. दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाशेजारी आजच्या चौकोनात लिहिते: माळा ३, पडले ४१. कालच्या चौकोनात ४६ आहे.

बाबा वाकून टेबलाखाली बघतात. एक वाल राहिलाय.