ओट्याखाली काय, पायाखाली काय

नव्या संसद भवनाचं उद्घाटन मे २०२३ मध्ये झालं, तेव्हा कुठून काय आणलं याची यादी वर्तमानपत्रांत आली होती. सागवान नागपूरहून, बांबूचं फ्लोअरिंग त्रिपुराहून. तेव्हापासून घराचं काम घेऊन येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, ‘स्वयंपाकघरात बांबू घालूया का?’ संसदेत बाकी काहीही होत असेल, फोडणी होत नाही. तिथे कुकरची वाफ नसते, आणि भरलेलं सिलिंडर कोणी ओढत नेत नाही.

तसा बांबू आपल्या स्वयंपाकघरात जुनाच. बुरडाकडून आणलेलं सूप, परडी, रोवळी कोणाच्या घरी नव्हती? रोवळी तर रोज भिजायची आणि तरी वर्षानुवर्षं टिकायची, कारण तांदूळ धुऊन झाले की ती खुंटीला जायची. चारी बाजूंनी वारा. हीच पट्टी सिमेंटच्या कोब्यावर चिकटवली तर वरून सांडलेलं पाणी सांध्यातून खाली उतरतं आणि तिथेच बसतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी दोनच गोष्टी विचारतो. इथे पाणी कुठून येणार? आणि आलेलं वाळणार कसं? रंग, पॉलिश, किंमत हे सगळं त्यानंतर.

बांबूची जमीन बनते कशी, तेही बघा. कांडं उभं चिरून पट्ट्या काढतात. बाहेरची चकचकीत साल तासून टाकावी लागते, कारण तिच्यावर मेण आणि सिलिका असते, गोंद धरत नाही. मग पट्ट्या उकळतात, कारण आतल्या साखरेवर आणि पिष्टावर घुण्याचा किडा जगतो. वाळवून, गोंद लावून, दाबून फळी तयार होते. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा असेल तर पट्ट्या दाबाच्या वाफेत भाजतात. त्याने रंग छान येतो, पण फळी नैसर्गिक पिवळ्या बांबूपेक्षा मऊ होते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. तिसरा प्रकार स्ट्रँड वोव्हन. यात तंतू मोकळे करून राळेत भिजवतात आणि प्रचंड दाबाखाली ठोकळा करतात. तो सागवानाच्या दुप्पट-तिप्पट कठीण असतो. जमिनीला बांबू घालायचाच असेल तर हा घाला, पण झोपायच्या खोलीत किंवा दिवाणखान्यात. भिंतीकडेला १०-१२ मिलिमीटर फट सोडायला लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आपल्याकडे मे आणि जुलै यांच्या हवेत इतका फरक आहे, की फट नसेल तर फळ्या फुगून उठतात.

स्वयंपाकघराच्या जमिनीला मात्र मी बांबूला नाहीच म्हणेन. लाकडात आडव्या किरणपेशी असतात, बांबूत त्या नसतात. पाणी त्यात लांबीच्या दिशेने, कापलेल्या टोकाकडून, भराभर चढतं. किडीसाठी जो बोरॅक्स पाजलेला असतो तोही सतत ओल राहिली तर हळूहळू धुऊन जातो. बेंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये बांबूचं देखणं काम आहे, पण ते बघायला मान वर करावी लागते. जिथे पाणी पोचत नाही तिथे त्यांनी तो वापरला.

‘मग आपला कोकणातला माणगा बांबू?’ असा प्रश्न येतो. माणगा भरीव आणि सरळ, फर्निचरला उत्तमच. पण जाडीला कमी असल्याने त्यातून फळीच्या रुंद पट्ट्या निघत नाहीत. त्याचं गोल रूपच वापरावं: वरच्या मांडणीची चौकट, टॉवेलची काठी, भांड्यांचा रॅक.

आता ओट्याखालचं. इथे चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ चा पूर काय होता, हे मी सांगायला नको. मुद्दाम पुराचं धरत नाही, पण पुरात जे एका दिवसात दिसतं ते गळक्या सिंकखाली दोन वर्षांत होतं. लाकडाच्या भुशाचा पार्टिकल बोर्ड आणि तंतूंचा साधा एमडीएफ फुगतो, आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. बिजागरीचे स्क्रू ढिले पडतात, दार लोंबतं. तळमजल्याच्या घरांना म्हणून मी जुनीच पद्धत सांगतो: ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे, स्टीलच्या ट्रॉल्या, आणि काढून ठेवता येतील अशी दारं. दिसायला साधं, पण चिखल पाइपने धुता येतो. वरच्या मजल्यावर प्लायचा सांगाडा चालेल, सिंकखाली मात्र मरीन प्लायच, म्हणजे ओल सोसणारं, आयएस ७१० मानकाचं. बांबूची हौस वरच्या कपाटांच्या दारांवर करा, शेगडीच्या बाजूचं एक दार सोडून.

ओट्याच्या वर कडप्पा नको, ग्रॅनाइट घ्या. कडप्पा, शहाबाद, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी पडलं की पांढरट डाग बसतात. संगमरवराचंही तेच. पायाखाली खरखरीत मॅट व्हिट्रिफाइड टाइल बरी. ती पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त पीत नाही आणि हळदीचे डाग सांध्यांपुरतेच राहतात.

बांबू पर्यावरणाला चांगला, हे अर्धंच ऐकलेलं असतं. तो तीन-चार वर्षांत तोडायला येतो, सागाला अर्धं आयुष्य लागतं, हे खरंच. पण फळी झाल्यावर त्यात गोंदही असतो. त्यातलं फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. प्लायलाही हेच लागू. तेव्हा बिलावर ई-वन किंवा ई-झिरो, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा दर्जा, लिहून मागा, आणि नव्या कपाटाची दारं पहिले काही आठवडे खिडक्यांसह उघडी ठेवा.

शेवटचं, प्लायबद्दल. शिक्क्यावर विसंबू नका, शिक्का कोणीही मारतो. सुताराकडून कापून उरलेला तळहाताएवढा तुकडा मागा आणि एखाद्या टाकाऊ पातेल्यात उकळत ठेवा. मरीन प्लायच्या मानक चाचणीत तो ७२ तास उकळतात. घरी एवढा गॅस जाळायची गरज नाही, सात-आठ तास पुरे. खोटा माल असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यातच थर सुटतात. सुटले तर तो तुकडा पिशवीत घालून दुकानात न्या, आणि सुताराला बरोबर घ्या.